कुठली पीडीएफ कागदावर घ्यावी?

दिवाळीच्या आठवड्यात फोनवर पीडीएफ येऊन पडायला लागतात. पुण्याचा भाचा दोन पाठवतो, जळगावची मैत्रीण एक, गटावर कुणीतरी चार टाकतं. मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या आमच्या तुकईथडला बसल्या जागी हे सगळं मिळतं, याचा मला अजूनही आनंद होतो. अकोला-खांडवा मीटरगेजची गाडी धावायची तेव्हा दिवाळी अंक हवा असेल तर अकोल्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हातात पैसे द्यायचे आणि तो परत येईपर्यंत वाट बघायची. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात हिंदी आणि कोरकू, अशा गावात मराठीतलं छापील पान मुद्दाम आणावं लागायचं. आता ते आणावं लागत नाही, आपोआप येतं. पण आलेलं वाचलं जातं का?

माझ्या घरापुरतं सांगते. मागच्या काही वर्षांत फोनवर आलेल्या अंकांपैकी अर्ध्याहून जास्त मी उघडून पहिली दहा पानं चाळली आणि 'नंतर वाचू' म्हणून सोडून दिले. जे छापून घेतले, ते मात्र सगळे वाचून झाले, आणि मी एकटीनं नाही वाचले. आईनं वाचले, शेजारच्या काकूंनी नेले, शाळेतल्या एका शिक्षकांकडे एक अंक पावसाळाभर राहिला. फोन एकाचा असतो. तो वाचायला म्हणून कुणाला चार दिवस देता येत नाही. मधोमध दुमडून शिवलेली वही देता येते.

म्हणून कागद चांगला की पडदा चांगला, हा वाद मी घालत नाही. पीडीएफ हातात आली की दोनच प्रश्न विचारा. हे पान मी परत उघडणार आहे का? आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात ते जाणार आहे का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर छापू नका, फोनवर वाचून मोकळे व्हा. एकाचं जरी 'हो' आलं, तरी छापण्याचा विचार करण्यासारखा आहे.

फोनवर मराठी अंक वाचताना थकवा का येतो, ते आधी समजून घ्या. त्यात तुमच्या चिकाटीचा दोष नाही. बहुतेक पीडीएफ ए-फोर आकाराच्या कागदासाठी लावलेल्या असतात. ए-फोरची रुंदी २१ सेंटीमीटर, फोनच्या पडद्याची सात सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे अख्खं पान पडद्यावर बसवलं की अक्षर एक तृतीयांश होतं. बारा पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं. औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरंसुद्धा बहुधा याहून मोठी असतात. मग आपण दोन बोटांनी पान मोठं करतो. माझी आई असं वाचताना मी किती वेळा पाहिलंय. ती पान मोठं करते, ओळ उजवीकडे पडद्याबाहेर जाते, ती बोटानं सरकवत ओळीच्या टोकाला पोचते, आणि परत डावीकडे येईपर्यंत खालची ओळ कुठली होती ते हरवतं. दोन स्तंभांचं पान असेल तर विचारूच नका. तिसऱ्या मिनिटाला ती चष्मा काढून ठेवते आणि म्हणते, 'तूच वाच आणि सांग मला.' तोच लेख मी सोळा पॉइंटमध्ये, एका स्तंभात, ए-फोरवर छापून दिला तेव्हा तिनं तो दुपारी ओसरीवर बसून एका बैठकीत संपवला.

तरी पुष्कळ गोष्टी फोनवरच वाचाव्यात. रोजची बातमी, भाव, हवामान, एखाद्या शब्दाचा अर्थ, मराठी विश्वकोशातली एखादी नोंद. विश्वकोशाचे वीस खंड घरात ठेवायला जागा कुणाकडे आहे? आणि नोंद शोधायला पडद्यासारखं साधन नाही. मासिक चाळून 'यातलं आपल्याला काय हवं' हे ठरवायलाही फोनच बरा. 'साधना' साप्ताहिकाचे जुने अंक नेटवर आहेत. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेल्या या साप्ताहिकाच्या साठ्यात एखादा विषय शोधत हिंडायचं तर पडद्यावरच हिंडावं, आणि हवा तो एक लेख तेवढा कागदावर घ्यावा. अख्खा अंक छापण्याची हौस मी सुरुवातीला केली. निम्मी पानं परत कधी उघडली नाहीत.

फोनवर वाचायचं ठरलं की थोडी तजवीज करा. फाइल आधीच उतरवून ठेवा, आमच्याकडे वीज आणि नेट एकाच वेळी जातात. पीडीएफऐवजी ईपब मिळत असेल तर ईपब घ्या. त्यात अक्षर मोठं केलं की ओळी पडद्याच्या रुंदीत आपोआप बसतात, सरकवासरकव करावी लागत नाही. पीडीएफच असेल तर फोन आडवा धरा आणि डाव्या-उजव्या बाजूचा कोरा समास कापून दाखवणारं ॲप वापरा. एवढ्यानंही अक्षर दुपटीहून मोठं होतं. वाचताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यानं डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरचं काहीतरी बघायचं, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला साधा आहे आणि उपयोगी आहे. अंगणातलं झाड पुरतं त्याला.

आता छापायचं काय ते. पहिला मान अभ्यासाचा. २०१८ साली डेल्गादो आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र तपासले, वाचणारे एक लाख सत्तर हजारांवर होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना अधिक चांगला समजला, आणि वेळ ठरवून दिलेला असेल तेव्हा हा फरक जास्त दिसला. गोष्ट-कथा वाचताना मात्र फरक आढळला नाही. घरात कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करत असेल तर हे लक्षात ठेवा. कादंबरी फोनवर चालेल, पण राज्यघटनेवरची टिपणं कागदावर हवीत, पेन्सिल हातात धरून.

दुसरा मान ओल्या हातांच्या कामाचा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची, किंवा आपल्या कृषी विभागाची, फवारणीच्या मात्रेची पत्रकं फोनवर येतात. पंपात औषध मोजताना हात औषधानं भरलेले असतात, त्या हातांनी फोन उघडायचा नसतो. पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली, एवढं एक पान मोठ्या अक्षरात छापून पिशवीत घालून गोठ्याच्या भिंतीला लावा. स्वयंपाकघरातल्या कृती, इन्सुलिनचं वेळापत्रक, मोटारीच्या स्टार्टरचा नकाशा, ही सगळी पानं याच जातीची. यांना पुस्तक लागत नाही, एक-एक सुटं पान पुरतं.

तिसरं मला सगळ्यात जवळचं आहे. आमच्यासारख्या सीमेवरच्या घरांतली मुलं हिंदी शाळेत जातात. मराठी त्यांना बोलता येतं, वाचायचं कुणी शिकवलेलं नसतं. लिपी तीच असल्यामुळे आईबापांना वाटतं, येईल आपोआप. शेजारची सात वर्षांची मुलगी हिंदीचं पुस्तक घडाघडा वाचते, पण मराठी पानावर तिचं बोट 'ळ' वर येऊन थांबतं. 'बाळ', 'शाळा', 'पोळी' हे शब्द ती दिवसभर बोलते, पण ते अक्षर तिनं शाळेत पाहिलेलं नाही. 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' मधला अर्धा र बघून ती माझ्याकडे बघते. पुण्याच्या बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत उतरवून घेता येतात. पहिलीचं मराठीचं पुस्तक मी तिच्यासाठी रंगीत छापून घेतलं. फोनवर हेच पुस्तक दिलं होतं तेव्हा दोन पानांनंतर तिनं कार्टून लावलं होतं. कागदावर तिनं 'ळ' भोवती लाल पेन्सिलीनं गोल काढले, पानापानावर, आणि आता ती ते अक्षर शोधत वाचते. बऱ्हाणपूर, खांडवा, बैतूल, बेळगाव, निपाणी, जिथे जिथे मराठी घर आणि परकी शाळा आहे, तिथल्या आईबापांना मी एवढं एकच सांगेन की हे पुस्तक छापून घ्या. वर्षातून एवढं एकच छापलं तरी चालेल.

घरी प्रिंटर घ्यावा का? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, म्हणून हिशेब मांडून दाखवते. शाईच्या टाकीचा प्रिंटर १३,५०० रुपयांना आला असं धरू. ५०० कागदांची रीम ३०० रुपयांना धरली तर एक कागद ६० पैशांचा, पाठपोट छापला तर एका बाजूला ३० पैसे. काळ्या शाईचे १५-२० पैसे. म्हणजे घरी एक बाजू पन्नास पैशांत पडते. दुकानात दोन रुपये घेतात असं समजा. बाजूमागे दीड रुपया वाचला. १३,५०० रुपये वसूल व्हायला नऊ हजार बाजू छापाव्या लागतील. दोनशे पानांचा अंक एका बाजूवर दोन पानं या मापानं १०० बाजूंत बसतो. म्हणजे नव्वद अंक! वर्षाला दहा अंक छापणाऱ्या घराला नऊ वर्षं लागतील. आकडे तुमच्या गावच्या भावानं बदलून बघा, उत्तर फार बदलणार नाही. नुसत्या वाचनासाठी एका घरानं प्रिंटर घेऊ नये. मुलांचे प्रकल्प, अर्ज, दाखले यांच्यासाठी घ्यायचाच असेल, किंवा चार घरांनी मिळून घेतला, तर गोष्ट वेगळी. एकाच मजकुराच्या पाच-सहा प्रती हव्या असतील तर आधी एकच चांगली प्रिंट काढून घ्या आणि पुढच्या प्रती झेरॉक्स करा, ते स्वस्त पडतं.

घ्यायचाच ठरला तर कुठला, हे तुमच्या छापण्याच्या सवयीवर ठरवा. शाईचा प्रिंटर वापराविना राहिला की त्याच्या बारीक छिद्रांत शाई वाळते. मग सफाईचा कार्यक्रम चालवावा लागतो आणि त्यातच पुष्कळ शाई वाया जाते. म्हणून आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढायचं, आठवण म्हणून सोमवार ठरवून टाका. दिवाळीला आणि परीक्षेच्या वेळी, अशी वर्षातून दोनदाच छपाई असेल तर काळा-पांढरा लेझर बरा. त्याची शाई म्हणजे भुकटी असते, ती वाळत नाही. पण लेझर भुकटी तापवून कागदावर बसवतो, त्या क्षणी तो शेकडो वॅट वीज ओढतो. घरच्या इन्व्हर्टरवर लेझर लावू नका. शाईचा प्रिंटर दहा-वीस वॅटमध्ये चालतो, लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर अंक पुरा करता येतो. बाटलीवर लिहिलेला 'चार हजार पानं' असा आकडा विरळ मजकुराच्या ठराविक चाचणी पानांवरून काढलेला असतो. दाट मराठी मजकुराला शाई जास्त लागते, हिशेब करताना तेवढं धरून चाला.

पावसाळ्याचा विचार दोन्हीकडे करावा लागतो. कागद हवेतली ओल शोषतो, कडा लहरी होतात आणि प्रिंटरमध्ये दोन-दोन कागद एकदम जाऊन अडकतात. रीम फोडली की उरलेले कागद तिच्याच वेष्टनात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, ट्रेमध्ये लागतील तेवढेच घाला. लेझरच्या छपाईवर पाणी सांडलं तरी अक्षर विरघळत नाही. शाईच्या छपाईचं तसं नाही. काळी शाई 'पिगमेंट' प्रकारची असेल तर टिकते, 'डाय' असेल तर थेंबासरशी पसरते. घेताना दुकानदाराला विचारा. लेझरची पानं मऊ प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत मात्र वर्षानुवर्षं ठेवू नका, अक्षरं सुटून पिशवीला चिकटतात. माझ्याकडच्या एका जुन्या लेखाचं असं झालं, लेख पिशवीवर उलटा वाचता येतो.

मराठी छापताना सगळ्यात जास्त घोळ अक्षरांचा होतो. मी एकदा एका आत्मचरित्राची हस्तलिखितावरून टंकलेली वर्डची फाइल दुकानात दिली. ज्या संगणकावर उघडली त्यावर माझा फॉन्ट नव्हता. तिथल्या मुलानं सगळीच्या सगळी एकशे चाळीस पानं छापून दिली. वेलांट्या अक्षरापासून सुटून शेजारी जाऊन बसलेल्या, जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली अक्षरं, काही ठिकाणी नुसते चौकोन. पैसे गेलेच, त्याहून वाईट म्हणजे ज्यांचं आत्मचरित्र त्यांना मी ते वेळेवर देऊ शकले नाही. तेव्हापासून नियम पाळते. दुकानात कधीही वर्डची फाइल द्यायची नाही, घरीच पीडीएफ करून न्यायची, आणि आधी एकच कागद काढून डोळ्यांखालून घालायचा. जुन्या, युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमधला मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. नेटवरचा लेख स्वतः पानावर लावत असाल तर फॉन्टही बघून निवडा. विंडोजमधला 'मंगल' हा र. कृ. जोशी यांच्यासारख्या मोठ्या अक्षररेखनकाराचा आहे, पण तो पडद्यासाठी घडवलेला आहे, कागदावर मला तो विरळ वाटतो. 'शोभिका' किंवा 'मुक्ता' मोफत मिळतात आणि कागदावर नीट उमटतात. मराठी वळणाचा ल आणि श येतो का, तेही पाहा. आपल्या डोळ्यांना हिंदी वळणाचा श थोडा खटकतो, आणि लहान मुलाला शिकवताना तर मराठीच वळण हवं.

आता प्रत्यक्ष वही करायची. ए-फोर कागद मधोमध दुमडला की ए-फाइव्ह होतो, साधारण मासिकाहून थोडा लहान, हातात छान बसतो. एका कागदावर पाठपोट मिळून चार पानं येतात. छापण्याच्या खिडकीत 'बुकलेट' असा पर्याय असतो, तो निवडला की पानांचा क्रम संगणकच लावतो. पण त्याआधी अक्षराचा आकार तपासा. ए-फोरचं ए-फाइव्ह केलं की सगळं ७१ टक्क्यांवर येतं. चौदा पॉइंटचं अक्षर दहाचं होतं, ते चालतं. बाराचं साडेआठचं होतं, ते तरुण डोळ्यांनाही जड जातं. अशा वेळी समास कापून मजकूर मोठा करून घ्या, ते जमत नसेल तर आकार लहान करूच नका, ए-फोरवरच छापा. घरातल्या वयस्कर माणसासाठी छापत असाल तर प्रश्नच नाही, ए-फोर आणि सोळा पॉइंट.

अख्खा अंक एका गठ्ठ्यात दुमडू नका. जाड गठ्ठा नीट दुमडत नाही आणि आतली पानं कडेला बाहेर डोकावतात. आठ ते दहा कागदांची, म्हणजे ३२ ते ४० पानांची एक-एक वही करा. दोनशे पानांच्या अंकाच्या पाच वह्या होतात. पाच वह्या पाच जणांना एकाच वेळी वाचता येतात, हा वेगळा फायदा. छापखान्यातले लोकही फर्म्याफर्म्यानंच पुस्तक बांधतात.

शिवण तीन भोकांची करा, पिना गंजतात. दुमडलेली वही उघडी धरा, घडीवर मधोमध एक आणि वर-खाली दीड-दीड इंच सोडून एक-एक, अशी तीन भोकं टोच्यानं पाडा. जाड सुईत गोधडीचा दोरा घ्या. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्या भोकातून बाहेरून आत, मधलं भोक ओलांडून खालच्यातून आतून बाहेर, आणि परत मधल्यातून बाहेरून आत. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आत आली. मधल्या लांब टाक्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक टोक ठेवून घट्ट गाठ मारा. बाहेरून जुन्या दिनदर्शिकेचा जाड कागद मुखपृष्ठ म्हणून लावा. माझ्या आईला हा टाका दाखवावा लागला नाही, तिनं आयुष्यभर गोधड्या शिवल्यात.

कागदाची निवड करताना ७० जीएसएमचा पाठपोट छपाईला पारदर्शक वाटतो, मागची अक्षरं पुढे दिसतात. ७५ किंवा ८० घ्या. वर्तमानपत्राचा कागद का पिवळा पडतो आणि हा का टिकतो, हे आमच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या माणसाला तरी माहीत असावं. नेपानगरची नेपा मिल ही देशातली पहिली वृत्तपत्र-कागदाची गिरणी. १९४७ मध्ये कंपनी उभी राहिली, २६ एप्रिल १९५६ ला पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. सातपुड्यातल्या सालई आणि बांबूपासून तिथे कागद होत असे, पुढे रद्दीपासून होऊ लागला. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी थांबलेली मिल २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. लाकूड नुसतं दळून केलेल्या कागदात लिग्निन राहतं, त्यावर उजेड पडला की कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. छपाईच्या पांढऱ्या कागदातलं लिग्निन रसायनांनी काढलेलं असतं. तेव्हा वर्तमानपत्रातलं जपून ठेवावं असं कात्रण तसंच वहीत चिकटवू नका. त्याची पांढऱ्या कागदावर झेरॉक्स काढा आणि ती ठेवा. आमच्या आजोबांच्या कात्रणांचा गठ्ठा उघडला तेव्हा घडीवर तुकडे पडले होते.

छापण्याआधी हक्काचंही बघायला हवं, यात मला हयगय चालत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक गेल्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं त्याच्या लेखनाचे हक्क राहतात. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' मुक्त आहे. मराठी विकिस्रोतावर त्यांची पुस्तकं मिळतात, ती खुशाल छापा आणि गावभर वाटा. मरणोत्तर छापलेल्या पुस्तकांची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपात आली, म्हणजे ती २०१३ पासून मुक्त झाली. पण त्या पुस्तकाला प्रस्तावना आचार्य अत्र्यांची, आणि अत्रे १९६९ मध्ये गेले. प्रस्तावना २०२९ संपेपर्यंत मुक्त नाही! बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या आणखी एकानं गाणी उतरवून घेतली म्हणून ती आज आपल्याकडे आहेत. आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातली ही गोष्ट मी कागदाचा विषय निघाला की सांगतेच.

हयात लेखकांचं वेगळं. ई-साहित्य प्रतिष्ठान मोफत मराठी पुस्तकं देतं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं उतरवून घेता येतात. त्यांच्या पहिल्या पानांवर अटी लिहिलेल्या असतात, त्या वाचा. स्वतःच्या वाचनासाठी एखादा लेख छापणं हा रास्त वापर आहे. पन्नास प्रती काढून विकणं म्हणजे चोरी. आणि गटांवर फिरणाऱ्या नव्या कादंबऱ्यांच्या बेकायदा पीडीएफ छापूही नका आणि पुढेही ढकलू नका. मराठी लेखकाला आधीच मिळतं किती? ते पुस्तक टपालानं मागवा, तुकईथडलासुद्धा टपाल येतं.

झालेल्या वह्या पत्र्याच्या पेटीत उभ्या ठेवा, भिंतीला टेकवून नको, भिंत पावसात पाझरते. कडुलिंबाचा पाला वाळवून वह्यांच्या मध्ये ठेवला की कसर कमी लागते, पण दर पावसाळ्यानंतर पेटी उन्हात उघडायला विसरू नका. प्रत्येक वहीच्या मुखपृष्ठावर अंकाचं नाव, वर्ष आणि कुठून उतरवला ते लिहा. दोन वर्षांनी ते आठवत नाही.

पानांची संख्या चारच्या पटीत बसवताना शेवटी एक-दोन कोरी पानं उरतात. ती तशीच असू द्या, आणि त्यावर पेन्सिलीनं रेघा मारून वर 'कोणी वाचलं' असं लिहा. वही परत आली की किती नावं आहेत ते मोजा. गेल्या दिवाळीतल्या एका वहीवर अकरा नावं आली, एका नावापुढे 'पान २३ वरचं गावाचं नाव चुकलंय' अशी दुरुस्तीही होती. दुसऱ्या एका वहीवर माझं एकटीचंच नाव होतं. त्या मासिकाचा पुढचा अंक मी फोनवरच वाचणार आहे.